देवाला नाही, फिरायला गेलो होतो

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतल्या १४ बायका आणि आम्ही दोघी कार्यकर्त्या खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर चढलो आणि गणेश घाटाने उतरून संध्याकाळी परत खांडसला आलो. एवढंच. कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही. पण त्यानंतरच्या संघटनेच्या बैठकीत या एका दिवसावर दोन तास गेले, आणि ते बहुतेक माझ्या उलटतपासणीत गेले. त्या बैठकीत मला नीट उत्तर देता आलं नाही. एक तर मी चिडले होते, आणि विचारलेल्या एका प्रश्नाला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे.

आक्षेप तीन होते. पहिला, ही चैन आहे. कोर्टाच्या तारखेला जायला बाईकडे रिक्षाचे पैसे नसतात आणि आपण १६ जणींच्या जीपचं भाडं भरतो. दुसरा, जंगलात काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची? तिसरा आक्षेप घेताना बोलणारीचा आवाज खाली आला, आणि मलाही तोच सगळ्यात जास्त लागला. त्या दिवसापायी आपल्या एका बाईला मार बसला.

ती हकिगत आधी सांगते. १४ पैकी १३ जणींनी घरी सांगितलं होतं, ‘भीमाशंकरला दर्शनाला चाललोय.’ एकीने सांगितलं, ‘फिरायला चाललेय.’ नवऱ्याने विचारलं, कुणाबरोबर? कशाला? ती म्हणाली, ‘बायकांबरोबर. असंच.’ त्या रात्री साडेनऊला ती घरी पोचली तेव्हा दाराला आतून कडी होती. अकराच्या सुमाराला दार उघडलं ते मारण्यासाठीच. शेजारणीने मध्ये पडून तिला आपल्या घरी नेलं.

बैठकीत आमची एक ज्येष्ठ सहकारी म्हणाली, ‘तिने देवाचं नाव सांगितलं असतं तर काही झालं नसतं.’ या बाईंकडून मी काम शिकले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आणि त्या म्हणाल्या ते खरंही आहे. काही झालं नसतं. माझं भांडण नेमकं त्या वाक्याशी आहे.

मैत्रिणींनो, बाई घराबाहेर कशाकशासाठी पडू शकते याची एकदा यादी करून पाहा. पाणी, सरपण, दळण, रेशन, पोरांची शाळा, दवाखाना, कामाची पाळी, नात्यातलं लग्न, नात्यातलं मयत, आणि देव. यातल्या प्रत्येक कारणावर कुणाचा तरी शिक्का आहे. पोटाचा, पोरांचा, नवऱ्याचा, नात्याचा, नाहीतर देवाचा. आषाढात आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत हजारो बायका पायी चालतात, डोक्यावर तुळस घेऊन चालतात, आणि कुणी त्यांना ‘कशाला निघालीस?’ विचारत नाही. त्या चालण्यातला आनंद मी नाकारत नाही, माझी आजी वारीला जायची. पण तीच बाई तेवढीच वाट विठोबाचं नाव न घेता चालू लागली तर दुसऱ्या मुक्कामाच्या आत तिला शोधायला माणसं निघतील.

आपण चळवळीतल्या बायकाही फार वेगळ्या नाही. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात शाळेत शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेणमाती टाकली गेली, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण आपल्याला आठवतात त्या सगळ्या चालणाऱ्या बायका काहीतरी कामाला निघालेल्या असतात. आपणही बाईला घराबाहेर काढतो ते मोर्चाला, धरण्याला, प्रशिक्षणाला, तारखेला. जंगल आणि बाई म्हटलं की आपल्याला १९७४ सालचं रेणी गाव आठवतं, झाडं तोडायला आलेल्यांना अडवणाऱ्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी आठवतात. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तिथेही बाई झाड वाचवायच्या कामावरच आहे. झाडाखाली नुसती बसलेली बाई आपल्या एकाही पोस्टरवर नाही.

आता तो दिवस. पहाटेची कर्जत लोकल धरून आम्ही नेरळला उतरलो आणि जीपने कशेळेमार्गे खांडसला गेलो. गावाच्या पुढे वाट फुटते. एकीकडे लोखंडी शिड्यांचा शिडी घाट, दुसरीकडे लांबचा पण सोपा गणेश घाट. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात आणि तिथून दाट जंगलातली एकच चढण माथ्यापर्यंत जाते. पावसाळ्यात शिड्यांची वाट जिवावर बेतू शकते, म्हणून आम्ही मुद्दाम कोरड्या दिवसांत गेलो, चढताना शिड्या आणि उतरताना गणेश घाट असं ठरवून. मधल्या काळात कुणीतरी दोनदा दुखणी काढली, परीक्षा काढल्या, पाहुणे काढले. २० जणींची नावं होती, आल्या १४. सगळ्यांत धाकटी १९ वर्षांची, सगळ्यांत मोठी ५८. चौघींनी मुलांचे कॅनव्हासचे बूट घातले होते. त्यातल्या एकीच्या बुटात पुढे कापूस कोंबलेला होता. तीन जणी साडी खोचून स्लिपरवर आल्या होत्या.

वाट दाखवायला आम्हाला पायथ्याच्या वाडीतली बाई हवी होती. वाडीत विचारलं तर तीन पुरुष पुढे आले. बाई म्हटल्यावर ते हसले. ‘बाई कशी वाट दाखवणार?’ वाटाड्या या शब्दाचं सवयीतलं स्त्रीलिंगी रूप मलाही आठवेना. शेवटी चाळिशीची एक बाई तयार झाली. तिचं माहेर आणि सासर दोन्ही याच रानाच्या कडेला. लहानपणापासून ती पठारापर्यंत सरपणाला जाते आणि शिवरात्रीला माथ्यावर सरबत विकायला जाते. म्हणजे ज्या वाटेबद्दल वाडीतल्या पुरुषांना शंका होती, त्या वाटेवर तिच्या इतक्या खेपा झाल्या होत्या की तिला मोजताही येत नव्हत्या. पुरुषांना जे पैसे देतात तेच तिला द्यायचे आम्ही ठरवलं. ते ऐकून ती दोनदा म्हणाली, ‘एवढं नको.’

शिड्यांपाशी आमच्यातल्या दोघी रडल्या. वाटाड्याबाई खाली उभी राहून एकेकीला सांगत होती, ‘खाली बघू नका. एक हात सुटला तर दुसरा घट पायजे.’ सगळ्या चढल्यावर ती सहज म्हणाली, ‘आज डोकं हलकं लागतंय. काहीतरी इसरून आल्यावानी.’ मोळीशिवाय या रानात ती पहिल्यांदाच आली होती.

पठारावर चहा घेतला. तिथे चार तरुण ट्रेकर भेटले. चांगली मुलं होती, आमच्या बाटल्या भरून दिल्या. त्यातल्या एकाने काळजीने विचारलं, ‘तुमच्यासोबत कुणी नाही?’ आम्ही १७ जणी त्याच्या समोर उभ्या होतो.

पठारानंतरचं जंगल मात्र वेगळंच आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि त्यांना बिलगलेल्या मनगटाएवढ्या वेली. खोडं सरळ वर गेलेली, आणि वर इतकी गच्च की भर अकरा वाजता जमिनीवर उन्हाचे नुसते ठिपके. वर बघून बघून मान दुखायला लागली. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर तपकिरी लांब शेपटीचं काहीतरी उडालं, आणि ५८ वर्षांच्या आमच्या मावशी किंचाळल्या. ते शेकरू होतं. याच शेकरूसाठी आणि या रानासाठी १९८५ साली हे अभयारण्य झालं. मावशी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, मग सगळ्याच हसायला लागल्या. वस्तीत त्या कधी मोठ्याने हसत नाहीत. १० बाय १० च्या खोलीत सून, मुलगा, नातवंडं आणि पातळ भिंतीपलीकडे शेजारी असताना माणूस आवाज मोजून वापरतो.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती दुसरं कुणी लिहिणार नाही. सकाळपासून बाटल्या भरलेल्या होत्या पण कुणी पाणी पीत नव्हतं. घराबाहेर पडलं की पाणी प्यायचं नाही, कारण मग जायचं कुठे? ही सवय आपल्या हाडात गेली आहे, मूतखडे आणि लघवीची दुखणी घेऊन आपण ती पाळतो. जंगलात शिरल्यावर अर्ध्या तासाने वाटाड्याबाईने विचारलं, ‘पाणी का पित नाय?’ कारण कळल्यावर तिने झुडपांकडे हात केला. आजूबाजूला पुरुष नाही, घाई नाही, दार ठोठावणारं कुणी नाही. त्यानंतर सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या. याला कुणाला चैन म्हणायचं असेल तर मी हात जोडते.

माथ्यावर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. बऱ्याच जणी दर्शनाला गेल्या, मनापासून गेल्या. दोघींची पाळी होती, त्या आपणहून बाहेर थांबल्या. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण दर्शनानंतर जे झालं ते मला विसरता येत नाही. कळस मागे दिसेल अशा बेताने १३ जणी ओळीने उभ्या राहिल्या आणि फोटो काढून घेतला. घरी दाखवायला. मग पेढे घेतले, तेही घरी दाखवायला. सकाळपासून झाडांचे, शिड्यांचे, शेकरूचे जे फोटो काढले होते ते दोघी-तिघींनी तिथेच उभ्या राहून मोबाइलमधून पुसून टाकले. ‘उगाच कशाला?’ म्हणाल्या. फिरायला आलेली ती एकटी मात्र बाजूला दगडावर बसून चिवडा खात होती. तिला पुरावा नको होता. तिने खरं सांगितलं होतं.

थोडं पुढे, कड्यापाशी, खाली सगळं कोकण दिसतं. आमची वाटाड्याबाई तिथे बसली ती अर्धा तास उठेना. म्हणाली, ‘इतक्या वेळा आले, पण बसले आज.’ खाली बोट करून तिने स्वतःची वाडी शोधली.

आता आक्षेपांकडे येते.

चैन. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८. हा फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे रोजचे तीन तास एकवीस मिनिटं. वस्तीतल्या नाक्यावर, पाराखाली, कट्ट्यावर पुरुष जे बसलेले दिसतात ते याच वेळात बसलेले असतात, आणि त्याला कुणी चैन म्हणत नाही. संघटनेच्या पैशाबद्दल बोलायचं तर जीपचं भाडं आणि वाटाड्याबाईचे पैसे धरून त्या दिवसाला जेवढा खर्च आला, त्याहून जास्त आपण हॉलमध्ये बसून ‘सक्षमीकरण’ या विषयावर भाषणं ऐकायला करतो. तारखेचे रिक्षाचे पैसे कमी पडतात हे खरं आहे, त्यासाठी वेगळा निधी हवा, त्यावर मी पहिली सही करीन. पण बाईच्या दुःखालाच फक्त खर्च मंजूर करायचा, तिच्या सुखाला नाही, असा नियम आपण कधी केला?

धोका. जंगलात धोका असतोच. म्हणून कोरडा मोसम, वाट माहीत असलेली बाई, विजेऱ्या, औषधांचा डबा आणि अंधाराच्या आत उतरणं, एवढी तयारी आम्ही केली. पण ‘बाहेर धोका आहे’ हे वाक्य बाईला घरात ठेवायला वापरतात तेव्हा घर सुरक्षित आहे असं गृहीत धरलेलं असतं. २०२२ च्या देशाच्या गुन्हे-नोंदीत स्त्रियांवरच्या गुन्ह्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा, ३१ टक्क्यांच्या वर, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. आमच्या १७ जणींपैकी त्या दिवशी एकीला इजा झाली. ती शिडीवर झाली नाही, रानात झाली नाही. स्वतःच्या दारात झाली.

तिसरा आक्षेप. ही बाई याआधीही मार खात आली आहे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, नळाला उशीर झाला म्हणून, फोन उचलला नाही म्हणून. त्या रात्री ‘फिरायला’ हे निमित्त झालं. ‘देवाचं नाव घेतलं असतं तर’ असं म्हणताना आपण नकळत तिलाच समजावतो, की मार चुकवायची युक्ती तुला जमली नाही. वर्षानुवर्षं हेच सासवा आणि आया सांगत आल्या. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आपण संघटना आहोत, आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, केंद्र आहे, एकमेकी आहोत. आपणही युक्तीच शिकवायची असेल तर संघटना कशाला हवी? २०११ साली मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात शहरातल्या बाईच्या निरुद्देश भटकण्याचा हक्क मांडला. त्यावर आपण अभ्यासवर्ग घेतले. आणि आपल्या वस्तीतली एक बाई तो हक्क सांगून घराबाहेर पडली तर आपण तिला म्हणतो, देवाचं नाव का नाही घेतलंस?

आता तो प्रश्न, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठकीतल्या सगळ्यांत तरुण कार्यकर्तीने विचारला. ‘तिने खरं सांगितलंय हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं. मग रात्री तिला दारापर्यंत सोडायला का गेला नाहीत?’

नाही गेलो. स्टेशनवर उतरलो, दमलो होतो, खुशीत होतो, एकमेकींना मिठ्या मारल्या आणि पांगलो. चूक माझी आहे, आणि ती मी इथे लिहून मान्य करते. दोन दिवसांनी ती केंद्रावर आली तेव्हा डोळ्याखाली काळंनिळं होतं. तक्रारीचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही, आणि ते तिनेच ठरवायचं आहे. जाताना ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी पण मी फिरायलाच जाते म्हणून सांगणार. फक्त तुम्ही परत येताना दोघी-चौघी माझ्यासंगं दारापर्यंत या.’

खोटं बोलणाऱ्या १३ जणींना मी दोष देत नाही. कारण १४ वं खोटं माझं आहे. या दिवसाचा अहवाल मी देणगीदार संस्थेला पाठवला तेव्हा त्यात लिहिलं, ‘एक दिवसीय निवासेतर नेतृत्व विकास प्रशिक्षण’. उद्दिष्टं लिहिली, फलनिष्पत्ती लिहिली. बायका हसल्या, पोटभर पाणी प्यायल्या, काही न करता अर्धा तास बसल्या, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. त्यांनी नवऱ्यापुढे देव उभा केला, मी देणगीदारापुढे प्रशिक्षण उभं केलं. भीती एकच होती. नुसतं फिरणं पुरेसं कारण नाही, ही.

वाटाड्याबाईबद्दल एक मुद्दा राहिला, तो सोडला तर सगळंच बोलणं शहरी ठरेल. आमच्या एका दिवसाची मोकळीक ही तिची रोजची मजुरी आहे. आम्ही रानात रिकाम्या हाताने फिरलो तर आम्ही पर्यटक. ती त्याच रानातून मोळी घेऊन उतरली तर गार्ड हटकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने व्हायचा आहे, गौण वनोपज गोळा करून विकायचा हक्कही त्यात आहे. तिला विचारलं तर म्हणाली, ‘अंगठा घेतला व्हता. कागद कुठं हाय म्हाईत नाय.’ तिच्या वाटेवर चालून आपण मोकळ्या होणार असू, तर तिचा कागद कुठे आहे हे शोधणंही आपलंच काम आहे. आम्ही दोघी त्यासाठी पुन्हा खांडसला जाणार आहोत. आणि पुढच्या गटाला वाट तीच दाखवणार आहे, ठरलेल्या पैशात.

म्हणून संघटनेपुढे माझं म्हणणं असं आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात एक ओळ ‘फिरणे’ या नावाने घालावी, दुसऱ्या कुठल्याही नावाने नको. घरच्यांची परवानगी मागू नये, घरच्यांना कळवावं, आणि जमेल तिथे आम्ही बरोबर जाऊन कळवावं. कुणावरही खरं सांगायची सक्ती नको. जिला देवाचं नाव घ्यावं लागतं तिने घ्यावं, तिचं घर तिला माहीत. पण जी खरं सांगेल तिला परतीच्या वेळी एकटीला सोडायचं नाही. तिच्या दारापर्यंत सगळ्यांनी जायचं, दार उघडेपर्यंत थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं.

फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरतं आहे. यावेळी नावं २६ आली आहेत. त्यातल्या चौघी म्हणाल्या आहेत की घरी ‘फिरायला’ असंच सांगणार. तुमच्या गटात, तुमच्या गावात कुणी अशा निघाल्या असतील, घरी काय सांगून निघाल्या आणि परत आल्यावर काय झालं, ते जरूर लिहून कळवा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.